धाकटी घरी थांबेल

१

इराला उलटी व्हायची ती नेहमी मोजे घालताना. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि चेहरा एकदम पिठासारखा. मग मी बादली घेऊन धावणार, ताई एका हातानं डबा बंद करत दुसऱ्या हातानं तिच्या वेण्या मागे धरणार, आणि ती बिचारी ओकता ओकता "सॉरी मावशी, सॉरी" करत राहणार. शाळेच्या प्रत्येक दिवशी हेच. रविवारी मात्र इराबाई मिसळ हाणून गादीवर उड्या मारायच्या, त्यामुळे समस्त नातेवाइकांचं एकमत होतं की ही नाटकं आहेत.

नाटकं! एकदा तिचा हात धरून बघायला हवा होता त्यांनी. ऑक्टोबरचा उकाडा, पनवेल, पंखासुद्धा गरम हवा फेकतोय, आणि त्या आठ वर्षांच्या पोरीचे हात फ्रीजमधून काढलेल्या काकडीसारखे गार. छातीवर हात ठेवला तर आत पारवा फडफडतोय. बोटांना मुंग्या, पोटात कळ, सारखी शू. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल. वजन मात्र उतरतच होतं. युनिफॉर्मच्या स्कर्टला ताईनं आतून सेफ्टी पिन लावली होती.

थांबा, मी कोण ते सांगितलंच नाही. मी मिताली, इराची मावशी. टेन्शन आलं की मी जास्त बोलते, तेवढं समजून घ्या. ताई म्हणजे अरुंधती, बेलापूरला बँकेत आहे. निनादजिजू बोटीवर, म्हणजे रेंज असेल तेव्हा आमच्या घरी. माझं काम कस्टमर सपोर्टचं, घरूनच चालतं, म्हणून इरासाठी मी इकडे राहायला आले. कोन गावाच्या पुढे नवी बिल्डिंग आहे आमची. एका बाजूला एक्स्प्रेसवेची घरघर, डोक्यावर आता विमानंही. दुसरा मजला. मजल्यावर चार दारं, त्यातली तीन कायम कुलूपबंद. फ्लॅट घेऊन ठेवलेत लोकांनी, राहत कोणी नाही.

आमचं दार आत उघडतं. पूर्ण उघडलं की त्याच्या मागे, भिंत आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये, एक कोपरा झाकला जातो. उलटी झाली की इरा तिथे जाऊन बसायची, गुडघे छातीशी घेऊन. मी समोर फरशीवर बसायची आणि करंगळी पुढे करायची. ती करंगळी मुठीत धरायची. श्वास आत, दाब. श्वास बाहेर, सोड. आम्ही त्याला फुगा म्हणायचो. पोटाचा फुगा भरायचा, पोटाचा फुगा सोडायचा.

जमलं तर मग दही. आमचं माहेर रोह्याचं. घरातून कोणीही निघालं, परीक्षेला असो नाहीतर बाजारात, आई उंबऱ्यापाशी हातावर चमचाभर दही ठेवायची. दही खाऊन गेलेलं माणूस परत घरी येतंच, असं तिचं म्हणणं. आई गेली, दही राहिलं. इराला आंबट अजिबात चालत नाही. तळहात चाटला की तिचा एक डोळा मिटायचा, खांदे कानाला लागायचे आणि "ईईईई" असा एक लांबलचक आवाज निघायचा. तो आवाज आला की मी आणि ताई हसायचो. आज पोरगी शाळेत पोचणार म्हणून.

निम्मे दिवस तो आवाज यायचाच नाही. खाली अंकुशदादा व्हॅनचा हॉर्न वाजवून वाजवून निघून जायचे.

२

विनिता मॅडमचं क्लिनिक जुन्या पनवेलमध्ये, एका मेडिकलच्या वर. समुपदेशक आहेत त्या. मला वाटलं होतं पोस्टर वगैरे दाखवतील. त्या थेट इराच्या शेजारी खाली सतरंजीवर बसल्या.

"तिचं पोट खरंच दुखतं," त्या आम्हाला म्हणाल्या. "पहिल्यांदा हे मान्य करू या. कारण पोटात नसेल, पण दुखणं पोटातच आहे. तेव्हा 'काही होत नाही' असं म्हणायचं नाही. 'मी आहे' म्हणायचं. आणि ओढायचं नाही. तिच्या वेगानं."

ताई तिथेच रडायला लागली. दोन वर्षं कोणीतरी हे म्हणावं म्हणून थांबली होती ती.

मग मॅडमनी इराला विचारलं, "ही जी सकाळी पोटात येते ना, तिला आपण नाव देऊ या का?"

इरानं जरा विचार केला. "तिचं नाव इराच आहे."

"दोन दोन इरा झाल्या तर गोंधळ होईल ना गं!"

"मग ती धाकटी."

"बरं. आणि तू?"

इरानं आईकडे पाहिलं. ताईनं डोळे पुसले आणि पटकन म्हणाली, "तू थोरली. शहाणी. शाळेत जाणारी."

मॅडमना आयडिया आवडली. "धाकटीला रागवायचं नाही, हाकलायचं नाही. सांगायचं, तू घरी थांब, मावशी आहे तुझ्याजवळ. थोरली शाळेत जाऊन येईल."

परत येताना रिक्षात इरा माझ्या कुशीत होती. "मावशी, धाकटीला दही कोण देणार?"

"तिला कशाला? ती कुठे बाहेर चाललीये?"

"पण दही नाही दिलं तर ती परत कशी येणार?"

"अगं वेडाबाई, घरातच असणार ना ती! परत कुठून यायचंय?"

मी हसले. इरा हसली नाही. माझी करंगळी तिनं घट्ट धरली होती, घर येईपर्यंत.

३

पहिल्या दिवशी नेहमीसारखंच सुरू झालं. फक्त ताईला त्या दिवशी लवकर पोचायचं होतं, ती आधीच गेली. मोजा, उलटी, कोपरा. मी दार लावून समोर बसले, करंगळी दिली, फुगा केला. तिचे ओठ पांढरे होते, एक पाय उघडाच. मग मी ते म्हटलं, अगदी मॅडमनी सांगितलं तसं. "धाकटी, तू इथेच थांब. मावशी आहे. थोरली शाळेत जाऊन येईल."

खाली हॉर्न वाजला. मी दही आणायला किचनमध्ये गेले.

परत आले तर दार सताड उघडं. इरा उंबऱ्याच्या बाहेर उभी. दप्तर पाठीवर, दोन्ही मोजे, बूट, लेस बांधलेल्या.

"मावशी, दही."

मी खूश होऊन चमचा गच्च भरला. तिच्या हातावर दही घातलं. तिनं एका दमात चाटलं, अगदी स्वच्छ, आणि हात पुन्हा पुढे केला. "अजून दे ना."

दिलं. तेही चाटलं. जिन्यावरून टकटक करत खाली गेली. मी गॅलरीत धावले, हात हलवला. व्हॅन निघाली. मग मी हॉलमध्ये अक्षरशः नाचले! ताईला फोन लावला, ती बँकेत सगळ्यांसमोर किंचाळली.

दार लावलं तेव्हा कोपऱ्याकडे लक्ष गेलं. बादली होती. आणि शाळेचा एक मोजा. पांढरा, निळ्या पट्टीचा.

दुसऱ्या जोडीतला असेल, मी म्हटलं. उचलून धुवायला टाकला. आणि चमचा विसळताना सहज डोक्यात आलं, लेस बांधायला कधी शिकली ही? आणि तो हात. दही ठेवताना माझं बोट लागलं होतं तिच्या तळहाताला.

गरम होता. छान, ऊबदार, तव्यावरून उतरून जरा वेळ झालेल्या पोळीसारखा.

४

आठवडाभर आमच्या घरात दिवाळी. इरा स्वतः उठते, स्वतः तयार होते. उलटी नाही, कळ नाही. कारल्याची भाजी खाल्ली तिनं! जिजूंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाले, "ही आमचीच का गं? की सोसायटीनं बदलून दिली?" सगळे हसले. इराही हसली. आम्ही थांबल्यानंतर थांबली.

मी सकाळी ती गेली की दार उघडंच ठेवते, बाहेरचा जाळीचा दरवाजा लावून. वारा येतो जरा. ताईला हे बिलकूल चालत नाही. एक्स्प्रेसवेची धूळ येते, तळोज्याच्या कारखान्यांचा वास येतो, म्हणून ती घरात पाय टाकला की चप्पल काढायच्या आधी मागे हात करून दार लोटते. तर दार माझं, दिवसभरापुरतं.

त्या दिवशी मी हॉलमध्ये टेबलावर बसून टीमच्या कॉलवर होते. सत्यजीत, माझा टीम लीड, पुण्यात बसतो. बोलता बोलता थांबला.

"मिताली, घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही रे. का?"

"कोणीतरी धापा टाकतंय. तुझ्याच माइकमधून येतंय. लहान मूल आहे का? प्लीज बघून ये, आम्ही थांबतो."

मी हेडफोन काढला. पंखा. एक्स्प्रेसवे. खालच्या साइटवर कोणीतरी सळया टाकल्या. बाकी काही नाही. हेडफोन लावला. "काही नाहीये यार."

"आत्ता पण येतंय," तो हळूच म्हणाला. "आता जरा सावकाश झालंय. लांब लांब श्वास घेतंय. मोजून घेतल्यासारखे."

मी उठून दार लोटलं. कोपरा रिकामा. चपलांचं कपाट, भिंत, फरशी. "आता?"

"आता बंद झालं."

शाफ्टमधून येत असेल, मी म्हटलं. माइक जुना आहे, पंख्याची हवा लागते. शंभर कारणं असतात. मी स्वतः कस्टमरला रोज असली कारणं देते.

पण संध्याकाळी कपडे घडी करताना पाहिलं, तर तो एकटा मोजा उरला होता. इराच्या सगळ्या जोड्या पूर्ण होत्या.

५

मला संशय आला, पण कोणाचा ते कळेना. आधी वाटलं इराच काहीतरी खेळ खेळतेय. मोबाइल लपवलाय कोपऱ्यात, आवाज लावलाय. मी कपाट हलवून बघितलं. मग वाटलं शेजारचं बंद घर. वॉचमनला वर आणलं, कुलूप दाखवलं, तो म्हणाला, "धूल देखो ना दीदी कडी पे, महीनों से किसी ने छुआ नहीं." मग वाटलं, सरळ विचारावं.

इरा होमवर्क करत होती. अक्षर सुंदर यायला लागलं होतं तिचं.

"इरा, धाकटी काय म्हणते गं हल्ली?"

"घरीच असते ना ती." पेन्सिल थांबली नाही. "तू असतेस की तिच्याजवळ."

"मला तर दिसत नाही."

"तू दार उघडं ठेवतेस ना." मग तिनं वर पाहिलं, एकदम गोड. "ठेव. चालतं. फक्त तिला दही नको देऊ हं मावशी."

"का?"

"तिला आंबट आवडत नाही."

मी करंगळी पुढे केली. सहज. आमची खूण होती ती. इरानं करंगळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती हातात घेऊन शेकहँड केल्यासारखी हलवली.

६

अंकुशदादा कोनचेच. त्यांची व्हॅन म्हणजे आमच्या इराची जुनी दुश्मन. आधी मला रोज ऐकवायचे, "म्याडम, आमी व्हॅन चालवतो, हेलिकॉप्टर नाय. वरशी उडवून न्यायाची काय पोरीला?" आता मी गेटपाशी दिसले तर स्वतःहून काच खाली केली.

"पोरगी एकदम सुधारली हो तुमची. कय औषध दिलाव?"

"काही नाही दादा. समजावलं."

"लय गुनाची झाली. काल एक बारका पोर रडत व्हता गाडीत. तिनं त्याच्याकडं नुसता बघितलान. गप! घरी जाईपर्यंत गप." ते हसले, मग जरा कमी हसले. "आदी गाडीत बसली का तुमच्या ग्यालरीकडं बगत रवायची. मान मोडंपर्यंत. आता नाय बगत."

"मोठी झाली ती."

"हा, ता हाय. आनि धाकटीला कवा घालताय शाळेत?"

मी खिडकीची कड धरली. "कुठल्या धाकटीला?"

"इराच सांगत व्हती. घरी एक धाकटी हाय म्हनं, रडवी. आई तिला ठेवनार नाय म्हनं जास्त दिस." त्यांनी माझा चेहरा पाहिला. "पोरा कय, कयपन बोलतात."

७

त्या रात्रीच्या जेवणाआधी मी ताईला सगळं सांगितलं. कुकरची शिट्टी होईपर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग गॅस बंद केला.

"मिते, तुला बघवत नाहीये का ती बरी झालेली?"

"ताई, असं काय बोलतेस!"

"मग कसं बोलू? दोन वर्षं मी बाथरूमचा नळ सोडून रडलेय, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. आता पोरगी हसते, जेवते, शाळेत जाते. आणि तू म्हणतेस हात गरम लागतो? लेस बांधते? दही खाताना तोंड वाकडं करत नाही? हे प्रॉब्लेम आहेत तुझे?"

"तू एकदा तिची करंगळी धर ना. एकदाच."

"तिला गरज नाहीये आता कोणाच्या करंगळीची. गरज तुला आहे." ती हळू आवाजात बोलत होती, म्हणून जास्त लागलं. "ती आजारी होती म्हणून तू इथे होतीस. ते संपलं म्हणून घाबरलीयेस तू."

खरं असेलही. तिथूनच विनिता मॅडमना फोन केला तर त्याही जवळजवळ हेच म्हणाल्या, फक्त छान शब्दांत. सांभाळणाऱ्या माणसाचं शरीरसुद्धा सावध राहायला शिकतं, मूल बरं झालं तरी त्याला ते लवकर पटत नाही, आवाज ऐकू येतात, झोप उडते. "तुम्ही स्वतःसाठी या एकदा," त्या म्हणाल्या. मग सहज विचारलं, "इतक्या लवकर फरक पडला, मलाही नवल वाटतंय. ती अजिबात घाबरत नाही? थोडीसुद्धा?"

"थोडीसुद्धा नाही."

"थोडी तर उरतेच हो," त्या म्हणाल्या.

मी वळले तर इरा किचनच्या दारात उभी होती, वाटी घेऊन. "आई, उद्यापासून तूच तयार कर ना मला. मावशी दमते."

ताईनं तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून इरा माझ्याकडे बघत होती. मला एवढंच दिसत होतं की ती मिठीत आहे, आणि तिचे दोन्ही हात बाजूला सरळ लोंबतायत.

८

आज सकाळी ताईनंच तिला तयार केलं. मी मुद्दाम खोलीतून बाहेर आले नाही. ताई गेल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग मुख्य दारावर टकटक.

"मावशी, दही."

हॉलमध्ये आले. दार सताड उघडं, कोपरा झाकलेला. ती उंबऱ्याबाहेर, हात पुढे. मी फ्रीजमधून वाटी आणली. खरं सांगते, मी ठरवलं होतं, मुकाट्यानं द्यायचं आणि दुपारी मॅडमची अपॉइंटमेंट घ्यायची, माझी स्वतःची. डोकं माझंच फिरलंय. हे मी मान्य केलं होतं.

उंबऱ्याशी उभी राहताना डावा हात चौकटीवर टेकवला. बिजागरीच्या बाजूला, जिथे दार उघडलं की बोटभर फट पडते.

कोणीतरी माझी करंगळी धरली.

गार. काकडीसारखी गार बोटं. मी ओरडले नाही, कारण माझ्या शरीराला ती पकड माझ्याआधी कळली. दाब. सोड. दाब. सोड. मध्येच चुकून दोनदा दाब, मग परत पहिल्यापासून. इरा नेहमी तिथेच चुकायची.

मी फटीतून पाहिलं. फट केवढी, बोटभर. एक गुडघा दिसला, छातीशी घेतलेला. निळी रिबन, अर्धी सुटलेली. एक पाऊल मोज्यात, एक उघडं, बोटं फरशीवर आक्रसून घेतलेली. स्कर्टच्या कडेला सेफ्टी पिन. बस, एवढंच. चेहरा फटीच्या पलीकडे होता.

"मावशी." बाहेरची. "मला दे ना. सगळं."

खाली हॉर्न वाजला.

मी करंगळी हळूच सोडवली. दाराच्या दुसऱ्या कडेला गेले, गुडघ्यावर बसले, आणि चमचा दाराच्या मागे नेला. "मी आहे," मी म्हटलं. आवाज कसला, नुसती हवा. दाराच्या कडेआडून एक तळहात पुढे आला. त्यावर दही घातलं. हात आत गेला.

काहीच नाही. मी श्वास धरला होता.

मग आतून, बारीक, लांबलचक, "ईईईई."

मी हसले, शप्पथ. रडत रडत हसले. आणि मान वर केली तेव्हा उंबऱ्याबाहेरची माझ्याकडे बघत होती. चेहरा तोच, सुंदर, गुलाबी. त्यावर काहीच नव्हतं. पाटी पुसल्यावर जसं असतं तसं.

"बरं," ती म्हणाली. "मी येतेच." आणि टकटक करत उतरून गेली.

९

मी जाळीच्या दरवाज्याचं लॅच लावलं. मुख्य दाराला हात लावला नाही. दार लावलं की कोपरा रिकामा होतो, एवढं मला कळलंय. तेव्हापासून मी इथेच बसलेय, दाराच्या कडेला फरशीवर, डावा हात मागे घालून. हे सगळं उजव्या अंगठ्यानं फोनवर टाइप करतेय, कारण डाव्या हाताची करंगळी मोकळी नाहीये. चुका असतील.

ऑफिसचा कॉल येऊन गेला. तिला दोनदा उलटी झाली, आवाज आला, बादली सरकवली. "सॉरी मावशी" ऐकू आलं. मी ओढत नाहीये. तिच्या वेगानं. ती स्वतः उठून बाहेर आली, दाराच्या या बाजूला आली, की मग कोणीही दार लावू दे. मघापासून ती सरकतेय. एक उघडं पाऊल आता दाराच्या कडेपर्यंत आलंय. नखांना ताईनं लावलेलं गुलाबी नेलपॉलिश आहे, दिवाळीतलं, अर्धं उडालेलं. बाहेरचीच्या नखांना ते आहे का? मी कधी बघितलंच नाही. बघायला हवं होतं.

दुपारी ताईचा मेसेज आला होता. "कालचं मनावर घेऊ नकोस गं. आज दही मीच दिलं तिला, निघायच्या आधी. दोन चमचे खाल्लं. शहाणी माझी."

मी तो किती वेळा वाचला असेल. आईचं दही कधी खोटं ठरलं नाही.

हॉर्न वाजला, बूट जिन्यावर चढले, जाळीपाशी थांबले. "मावशी, आले मी. उघड."

करंगळी आवळली गेली.

"मावशी, पोटात दुखतंय." मग तिनं धापा टाकायला सुरुवात केली. इतकं हुबेहूब की माझा हात आपोआप लॅचकडे गेला. लहान लहान श्वास, मध्ये हुंदका. "सॉरी मावशी, सॉरी." मी कान देऊन ऐकलं. श्वास आत, श्वास बाहेर, ताल बरोबर होता. कुठेच चुकत नव्हता. एकदाही.

मी हात मागे घेतला. धापा थांबल्या, बटण बंद केल्यासारख्या.

"चालेल," ती म्हणाली. "आई येईपर्यंत बसते मी."

जिन्याच्या पायरीवर बसलीये ती. बुटांची टोकं दिसतात मला जाळीतून. लेस नीट बांधलेल्या. ताईला मी फोन करतेय, ती उचलत नाहीये, मीटिंग असणार. मेसेज टाकलाय की आल्यावर दार लावू नकोस, काहीही झालं तरी लावू नकोस. एकच टिक दिसतेय.

इकडे आत श्वास सावकाश होतोय. फुगा भरतोय, फुगा सुटतोय. दुसरं पाऊलही दिसायला लागलंय, मोज्यातलं. "शाब्बास," मी म्हणतेय. "मी आहे. अजून थोडंसं."

खाली रिक्षा थांबली.

ताईच्या चपला. ती जिना चढतेय, भाजीची पिशवी भिंतीला घासतेय. "अगं, माझं बाळ! बाहेर का बसलंयस?"

"मावशी उघडत नाहीये, आई."

"थांब, माझ्याकडे आहे किल्ली."

मी ओरडतेय, ताई, दार लावू नकोस. ती ऐकत नाहीये, ती तिच्याशी बोलतेय, हसतेय, किल्ली लावतेय. आत दोन गार बोटं माझ्या मनगटापर्यंत आलीयेत. अजून एकच पाऊल हवंय.

जाळी उघडली. ताईनं तिचा हात धरलाय. दोघी आत आल्या. आणि ताईचा दुसरा हात, सवयीनं, मागे गेला.